गाळलेली प्रार्थना

प्रिय टिल्ले,

हे पत्र पोस्टाने आलंय, यावरूनच तू ओळखलं असशील की दादाचं काहीतरी बिनसलंय. फोनवर तू 'जेवलास का' विचारतेस, मी 'हो' म्हणतो, आणि तिथेच आपलं बोलणं आटोपतं. तेवढ्यात मावणारी ही गोष्ट नाही. येत्या रविवारी तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. त्या दिवशी उपासनेत तुम्हा दोघांसाठी उपकारस्तुतीची प्रार्थना आहे आणि नव्या पाळकाने मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. विषयही त्यानेच दिला: लग्न कशासाठी असतं. तीन दिवस झाले, रोज सकाळी टेबलाशी बसतो. कागदावर मथळा आहे, खाली कोरं. अडतीस वर्षं ज्या विषयावर मी झोपेतही बोललो असतो, त्यावर आता एक वाक्य सुचत नाही, कारण लिहायला घेतलं की तू समोर येऊन उभी राहतेस. मी तुझ्याशी दोनदा फार वाईट वागलो, टिल्ले. एक तुला माहीत आहे, दुसरं माहीत नाही. दोन्ही सांगायचीत, आणि रविवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. मध्येच भरकटलो तर सांभाळून घे. निवृत्त पाळक असाही मुद्द्यावर लवकर येत नाही, आणि या मुद्द्यावर तर येऊच नये असं वाटतंय.

लग्न ठरलेली जोडपी दर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे यायची, आठवतं ना? चर्चच्या मागच्या खोलीत, डुगडुगणाऱ्या खुर्च्यांवर, तीन गुरुवार. तू चहा आणून ठेवायचीस आणि मी हाताची तीन बोटं वर करायचो. पहिलं बोट मुलांचं: देव दोघांना जोडतो ते त्याची लेकरं जन्माला यावीत आणि त्याच्या भयात वाढावीत म्हणून. दुसरं बोट मोहाचं: शरीराची ओढ एका घरात राहावी, दारोदार फिरू नये म्हणून. इथे मुलगी लाजायची आणि मुलगा छताकडे बघायचा. तिसरं बोट सोबतीचं: सुखात आणि दुखण्याखुपण्यात एकाला दुसऱ्याचा आधार असावा म्हणून. क्रम जुन्या विधीच्या पुस्तकातला, माझ्या पदरचा नव्हे. पण पहिल्या बोटावर मी दोन गुरुवार खर्च करायचो आणि तिसऱ्यापाशी येईतो चहा निवलेला असायचा. एकदा त्या उंच नर्सबाईने मला विचारलं होतं की ज्यांना मूल होत नाही त्यांचं लग्न देवाच्या लेखी कशात जमा धरायचं. मी म्हणालो, प्रार्थना करावी, भरवसा सोडू नये. हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते तिला कळलं, मलाही कळलं, आणि कप गोळा करता करता तू थांबलीस त्यावरून तुलाही कळलं असावं. मी घड्याळाकडे बघून म्हटलं, चला, उशीर झाला.

आणि बोलत कोण होतं, तर ज्याची स्वतःची मुलं दुसऱ्याच्या जिवावर वाढत होती तो! तुझी वहिनी गेली तेव्हा धाकटी आठ दिवसांची होती, मधली तीन वर्षांची, थोरला सहाचा. तू चोवीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकती कायम झालेली. एक सूटकेस घेऊन आलीस, सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेवर. सहा महिन्यांनी तू रजा वाढवलीस, मग नोकरी सोडलीस, आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही की जा, मी बघतो. मला बघता आलं असतं असं नाही, पण म्हणायला काय हरकत होती? सतरा वर्षं तू त्या घरात ताप उतरवलेस, दप्तरं भरलीस, नापास झालेल्या थोरल्याला माझ्यापासून लपवलंस. धाकटी तुला आई म्हणायला लागली की तू तिला जवळ घेऊन सांगायचीस, आत्या म्हण गं, आई वर आहे. हे मी दाराआडून ऐकलंय, आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मंडळी मला म्हणायची, पाळकसाहेब, तुमची मुलं काय शिस्तीची आहेत हो. मी मान लववून देवाचे आभार मानायचो. तुझे मानल्याचं मला आठवत नाही.

तू त्या घरात पाच वर्षं काढलीस तोवर विधीचं ते जुनं पुस्तक पार खिळखिळं झालं. दफनविधी बाप्तिस्म्यात शिरायचा, लग्नातलं पान भलतीकडेच निघायचं. मंडळीच्या पंचांनी पुस्तक चर्चबाहेर न्यायला मनाई केली, म्हणून बाइंडरलाच मागच्या खोलीत येऊन काम करावं लागलं. तीन आठवडे, रोज दुपारी. कमी बोलणारा, बोटं कायम खळीने चिकट. तू चहा द्यायचीस आणि तो कप दोन मनगटांत धरून प्यायचा. पहिल्यांदा ते बघून तू जी हसलीस! त्या घरात येऊन पाच वर्षांत तुझं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. बांधणी अशी झाली की ते पुस्तक आजही पाठीवरून उघडतं आणि सपाट पडून राहतं. काम संपलं आणि तो आपल्या चर्चला यायचाच बंद झाला. पुलापलीकडच्या चर्चला जायला लागला. तू मला एकदा सहज विचारलंस की बाइंडर दिसत नाहीत हल्ली. मी म्हणालो, तिकडचा गायकवर्ग चांगला आहे. तिकडचा गायकवर्ग गायला लागला की बाहेरची कुत्री भुंकायची, हे आपल्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तरी तू मान हलवलीस आणि आत गेलीस.

त्यानंतर बारा वर्षांनी तो तुला डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत भेटला. दोघांनाही चष्मे लागले होते. धाकटी शिकायला नुकतीच बाहेर पडली होती, घरात तू आणि मी. दीड महिन्याने तू भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून सांगितलंस की दादा, मी लग्न करतेय. मी अभिनंदन म्हणालो असेन बहुतेक. पण पक्कं आठवतं ते पुढचं वाक्य: मग माझ्या जेवणाचं काय? तू हसण्यावारी नेलंस. मी हसत नव्हतो, टिल्ले. मला खरोखर तुझा राग आला होता. एकेचाळीस वर्षांची माझी बहीण आपलं सुख शोधते आणि एकोणपन्नास वर्षांचा पाळक आमटी कोण करणार म्हणून फुगून बसतो, असं ते चित्र होतं. पुढे तू चारचौघांत त्याला चिडवायचीस, की बारा वर्षं काय झोपला होतात का, तेव्हाच का नाही विचारलंत? तो नुसता हसायचा. मी त्या वेळी काही ना काही काम काढून उठायचो.

आता पहिली गोष्ट, तुला माहीत असलेली. आपल्या विधीत शपथा होतात, अंगठ्या होतात, दोघं गुडघे टेकतात, आणि मग पाळक त्यांना मूलबाळ व्हावं म्हणून प्रार्थना करतो. जुन्या पुस्तकात त्या प्रार्थनेच्या डोक्यावर बारीक अक्षरांत सूचना आहे: वधूचं मूल होण्याचं वय उलटलं असेल तर ही प्रार्थना गाळावी. चर्च त्या दिवशी भरलेलं होतं. आपल्या म्हाताऱ्या बायकांना अख्खा विधी पाठ. माझ्याकडून एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दारात गाठून सांगणाऱ्या त्या. मी पान उलटलं, ती प्रार्थना दिसली, ती सूचना दिसली. मग मी पुढचं पान उलटलं आणि थेट आशीर्वादाला हात घातला. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी आमेनसाठी श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माना वर झालेल्या मला दिसल्या. कुणी काही बोलायची गरजच नव्हती, तुझ्या भावाने वेदीपुढे उभं राहून सगळ्या मंडळीला सांगून टाकलं होतं की हिच्याकडून आता काही व्हायचं नाही. तुझी मान खाली होती. त्याची मात्र वर आली. ते पुस्तक पान न् पान शिवलेला माणूस तो, कुठल्या पानामागून कुठलं येतं ते त्याला मी सांगायला नको होतं.

निघताना तू माझ्या गळ्यात पडलीस आणि कानाशी म्हणालीस, दादा, एक पान चुकलं का रे? तेव्हा चुकलं म्हणालो असतो तरी भागलं असतं. चष्मा विसरलो, पानं चिकटली होती, काहीही. मी म्हणालो, नियमच तसा आहे गं. तू बरं म्हणालीस. त्यानंतर पंचवीस वर्षांत त्यावर तू एक अक्षर बोलली नाहीस. तू बोलली असतीस, भांडली असतीस, तर मला सोपं गेलं असतं.

नियमाचं म्हणशील तर तो माझ्या सोयीचा होता. तुझं वय उलटलंय की नाही हे मी कुणाला विचारलं होतं? इतर प्रत्येक जोडप्याला तीन गुरुवार बसवलं. तुम्हाला एकदाही बोलावलं नाही. पंचांना म्हणालो, माझ्याच बहिणीला मी काय शिकवू? खरं म्हणजे तुम्हा दोघांसमोर बसून ते पहिलं बोट वर करायची माझी छाती नव्हती. ज्या शास्त्रात नव्वदीच्या म्हातारीच्या मांडीवर देव मूल देतो, ते शास्त्र जन्मभर शिकवून मी एकेचाळिशीच्या बहिणीसाठी तोंड उघडलं नाही. आणि दोन वर्षांनी तू दवाखान्यात तीन दिवस होतीस. का होतीस ते मला धाकटीने फोनवर सांगितलं, तेही रडत. चौथा महिना होता म्हणाली. मंडळीत कुणाचं बोट कापलं तरी भेटायला धावणारा मी, तुझ्याकडे आलो नाही. जिन्यापर्यंत आलो होतो. तुझा नवरा वरच्या पायरीवर बसला होता, हातात तुझ्या चपला. त्याने मला पाहिलं नाही. मी परत फिरलो. माझ्या प्रार्थनेने ते मूल जगलं असतं असं म्हणण्याइतका मी गर्विष्ठ नाही, देव माझ्या पुस्तकाच्या पानांवर अडून बसत नाही. पण त्या बाळासाठी मागणं मागायचं कुणीतरी राहून गेलं, आणि तो मी, हे माझ्या मनातून जात नाही.

तुला हे ऐकून हसू येईल: दहा वर्षांपूर्वी नवं पुस्तक आलं, त्यात बोटांचा क्रम बदललाय. सोबत पहिली आली, मुलं मागे गेली. पंचांच्या बैठकीत मी तासभर आरडाओरडा केला, की मग देवाने जोडलं तरी कशाला, गप्पा मारायला? नवा पाळक तेव्हा तरुण पोरगा होता, त्याने शांतपणे ऐकून घेतलं. गेल्या महिन्यात तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा मला त्या बैठकीची लाज वाटली. तू सकाळीच नवऱ्याच्या दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवल्या होत्यास, कारण त्याला आता सुईचं नाक दिसत नाही. तो त्याच्या कातडं कापायच्या सुरीने तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करत होता, आठवड्याच्या, कणभरही चुरा न पाडता. मध्येच तू कसलासा जुना विनोद अर्धा सांगितलास आणि पुढचा अर्धा न सांगताच दोघं हसत सुटलात. मला कळलाच नाही तो. माझं पहिलं बोट भरलेलं आहे, तीन मुलं, पाच नातवंडं, रविवारी पाळीपाळीने फोन करतात, गुणी आहेत बिचारी. पण ती माझ्यापेक्षा तुझी जास्त आहेत, आणि फोन ठेवताना तिघंही न चुकता विचारतात की आत्या कशी आहे. देवाने लग्नाकडून जे जे मागितलं म्हणून मी शिकवायचो, ते सगळं तू केलंस. लेकरं त्याच्या भयात वाढवलीस, ती माझी. आणि सोबत कशी करतात ते मी तुमच्या घरी जेवताना पाहिलं, माझ्या पुस्तकात ते इतकं स्वच्छ लिहिलेलं नाही. रविवारी बोलायला उभा राहिलो तर एवढंच बोलेन.

आता दुसरी गोष्ट, आणि हे पत्र खरं म्हणजे त्यासाठी आहे. सोमवारी तुझा नवरा, नवं आल्यापासून माझ्याकडे असलेलं जुनं पुस्तक न्यायला आला होता, रविवारी शपथा त्यातूनच म्हणायच्या म्हणून. चहा झाल्यावर म्हणाला, दादा, पंचवीस वर्षं तिला एक गोष्ट विचारायची राहिली आहे, रविवारी चर्चमधून घरी जाताना विचारणार आहे. मी पहिल्यांदा मागणी घातली तेव्हा ती नाही का म्हणाली? चारचौघांत चिडवते ते तो नकार झाकायलाच, असं मी धरून चाललो. इतके दिवस विचारलं नाही, कारण तेव्हा तू मला नको होतास असं तिने म्हटलं तर काय, ही भीती होती; आता वय झालं, आता ऐकवेल. टिल्ले, तू आता विचारत असशील, पहिल्यांदा म्हणजे कधी? पुस्तकाचं काम संपलं त्या दुपारी. तू एकोणतीस वर्षांची होतीस. मागच्या खोलीत तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, मी स्वतः विचारलं तर तिला नकार देणं जड जाईल, तुम्ही विचारा, म्हणजे ती मोकळेपणाने सांगेल. मी विचारतो म्हणालो. घरी आलो तेव्हा तू धाकटीचे केस विंचरत होतीस, मधली तुझ्या खुर्चीला टेकून पाढे म्हणत होती, आणि माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी हात धुतले आणि जेवायला बसलो. आठ दिवसांनी त्याला सांगितलं की ती नाही म्हणते. तुझी बारा वर्षं मी अशी खाल्ली, आणि मग तुझं वय उलटलं म्हणून मीच तुझी प्रार्थना गाळली. सोमवारीही त्याच्यासमोर माझी जीभ उचलली नाही. तो आला नसता तर हे पत्र मी लिहिलं असतं की नाही, तेही छातीवर हात ठेवून सांगवत नाही. क्षमा मागण्याचा धंदा मी जन्मभर केला, पण तुझ्याकडे ती कोणत्या तोंडाने मागू? रविवारी मी तिथे नको असेन तर एक निरोप धाड, मी घरीच राहीन. पण तो विचारेल तेव्हा त्याला सांग, टिल्ले, की तुला कुणी विचारलंच नव्हतं. नाही मी म्हणालो होतो.

तू ठेवलंस तर तुझाच,
दादा